घेसची कुटकी: काडी घ्या, पावडर नको

कुटकी, म्हणजे हिमालयातली एक कडू औषधी मुळी, घ्यायची तर अख्ख्या काडीची घ्यावी, पावडर घेऊ नये, असं मी फार्मसीच्या मुलांना दरवर्षी सांगते. फार्माकॉग्नोसी, म्हणजे औषधी वनस्पती ओळखायच्या कशा आणि तपासायच्या कशा, हा माझा विषय. मुलं लगेच विचारतात, "मॅडम, चांगली काडी मिळते कुठे?" त्याचं खात्रीचं उत्तर आता माझ्याकडे आहे. उत्तराखंडात चमोली जिल्ह्यातल्या देवालच्या बाजारात घेस गावाकडच्या शेतकऱ्यांच्या एका छोट्या गटाचं दुकान आहे. तिथून आणलेली कुटकी मी घरी वापरली आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत तपासलीही. शंभर ग्रॅमच्या पुड्याला अडीचशे रुपये पडले. पाचपैकी साडेचार गुण देईन. अर्धा का कापला ते पुढे सांगते.

देवाल पिंडर नदीच्या खोऱ्यात आहे. ऋषिकेशहून कर्णप्रयाग, थराली करत जाता येतं, नाहीतर काठगोदामला उतरून अल्मोडा, ग्वालदमवरून. पुण्या-मुंबईहून ब्रह्मताल किंवा वेदनी बुग्यालला जाणारे ट्रेकर लोहाजंगला जाताना याच बाजारातून पुढे जातात, पण गाडी चहापुरती थांबते आणि निघते. दुकानाला मोठी पाटी नाही. "घेसवालों की कुटकी" एवढं विचारलं तरी कुणीही दाखवतं. आत राजमा, चौलाईचं पीठ, बुरांसचं सरबत आणि मागच्या बाजूला ताडपत्रीवर पसरलेली कुटकी.

गल्ल्यावर बसलेल्या दीदीला मी आधी पावडर आहे का म्हणून मुद्दाम विचारलं. ती म्हणाली, "पावडर हम नहीं बेचते, मॅडमजी. पिसने के बाद आप कैसे पहचानोगे?" औषधी माल विकणाऱ्याच्या तोंडून हे वाक्य ऐकायला मिळणं दुर्मीळ आहे. तिथेच माझं मत निम्मं पक्कं झालं होतं.

आता माल कसा आहे ते.

पुड्यातल्या काड्या करंगळीपेक्षा बारीक, बहुतेक दोन-तीन इंच लांबीच्या, किंचित वाकड्या. रंग करडा-तपकिरी. अंगावर उभ्या सुरकुत्या, आणि मुळं तुटून गेल्यावर राहिलेले गोल व्रण हातालासुद्धा लागतात. एका टोकाला वाळलेल्या पानांच्या देठांचा झुपका आणि खाली कोंबाभोवतीचे खवले. हा शेंडा महत्त्वाचा, कारण त्याच्यावरून झाड ओळखता येतं. ठिकठिकाणी वरची साल पापुद्र्यासारखी सुटलेली दिसते, तिच्याखाली काळपट गर. काडी दोन्ही हातांनी धरून वाकवली की टचकन मोडते. न मोडता लवली तर माल ओलसर आहे, परत करा. मोडलेल्या तोंडाकडे भिंग लावून बघितलं की काळ्या गरात पांढुरक्या ठिपक्यांचं एक कडं दिसतं. भिंग नसेल तर मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन मोठं करून बघा, तेवढं पुरतं.

या पुड्यात माती जवळजवळ नव्हती. बारीक केसाळ मुळं थोडी होती, ती चालतात. दगड, गवत, दुसऱ्याच कुठल्या झाडाच्या मुळ्या असं काही सापडलं नाही. काष्ठौषधींच्या बाजारातल्या मालाशी ज्यांची गाठ पडली आहे त्यांना याची किंमत कळेल. कुटकीत भेसळ होते ती बहुधा तिच्यासारख्याच दिसणाऱ्या हिमालयी मुळांची. लॅगोटिस काश्मिरियाना नावाच्या झाडाची मुळं सर्रास मिसळली जातात. जेन्शियाना कुरू हीसुद्धा कडूच, त्यामुळे जिभेला फसवते. शिवाय नेपाळ, सिक्कीम, भूतानकडे वाढणारी निओपिक्रोऱ्हायझा ही कुटकीची सख्खी बहीण आहे. तीही "कुटकी" म्हणूनच विकली जाते. तिच्यातही औषधी घटक आहेत, पण झाड वेगळं आहे आणि घेणाऱ्याला ते माहीत असायला हवं. एकदा दळून झालं की हे सगळं तपकिरी भुकटीत विरघळतं.

जिभेची परीक्षा घरी करता येते. गव्हाच्या दाण्याएवढा तुकडा दाढेखाली धरा. पहिले काही क्षण लाकूड चावल्यासारखं वाटतं. मग कडूपणा जिभेच्या मुळाशी सुरू होतो आणि घशापर्यंत पसरतो. कडुनिंबाचा कडूपणा लगेच कळतो आणि गुळाच्या खड्याने निघतो, हा तसा निघत नाही, बराच वेळ राहतो. या मालाचा कडूपणा पूर्ण होता. दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या काडीला तो असा नसतो.

प्रयोगशाळेत मी तिचा मेथॅनॉलमधला अर्क काढून पातळ थराच्या प्लेटवर चढवला, शेजारी शुद्ध पिक्रोसाइड एक आणि दोन, म्हणजे कुटकीतल्या मुख्य कडू घटकांचे नमुने. क्लोरोफॉर्म आणि मेथॅनॉलच्या मिश्रणात प्लेट चालवली आणि वाळवून अतिनील दिव्याखाली धरली. हिरव्या चमकत्या पाटीवर गडद पट्टे उमटतात, ते नमुन्याच्या पट्ट्यांच्या ओळीत आले पाहिजेत. दोन्ही आले, ठळक आले. त्याच प्लेटवर मी एका दुकानातून घेतलेली पाकीटबंद कुटकी पावडर चढवली होती. तिच्यात पिक्रोसाइड दोनचा पट्टा फिका होता आणि एकचा शोधावा लागत होता. ब्रँडचं नाव देत नाही. एका पाकिटावरून कुणाला दोष देणं बरोबर नाही. पण वर्गात मी मुलांना तीच प्लेट दाखवते.

हे पट्टे म्हणजे काय ते थोडं सविस्तर सांगते, कारण कुटकीची सगळी मातब्बरी तिथेच आहे. कुटकीतले मुख्य कडू घटक इरिडॉइड ग्लायकोसाइड या वर्गातले. कॅटालपॉल नावाचा एक रेणू, त्याला ग्लुकोज जोडलेलं, आणि त्याच्यावर आणखी एक आम्ल चढवलेलं. आम्ल सिनॅमिक असेल आणि ते ग्लुकोजच्या बाजूला बसलं असेल तर पिक्रोसाइड एक. व्हॅनिलिक असेल आणि कॅटालपॉलच्या सहाव्या कार्बनपाशी बसलं असेल तर पिक्रोसाइड दोन. तेच व्हॅनिलिक आम्ल दहाव्या जागेवर गेलं की कुटकोसाइड. पिक्रोसाइड एक आणि कुटकोसाइड यांच्या मिश्रणाला जुन्या पुस्तकांत कुटकिन म्हणतात. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने याच दोघांचं प्रमाण ठरवून पिक्रोलिव्ह नावाचा अर्क तयार केला. प्रयोगशाळेतल्या उंदरांना पॅरासिटामॉल, कार्बन टेट्राक्लोराइड, गॅलॅक्टोसामाइन अशी यकृत बिघडवणारी रसायनं देऊन त्याची परीक्षा झाली. यकृताचं नुकसान कमी होतं, पित्ताचा स्राव वाढतो, हे त्यात पुन्हा पुन्हा दिसलं. युरोपात यकृतासाठी जे सिलिमारिन वापरतात त्याच्याशी तुलना करूनही हा अर्क मागे पडला नाही.

आणखी एक बाब खरेदीच्या दृष्टीने कामाची आहे. पिक्रोसाइड एक मुख्यतः पानांकडच्या भागात सापडतं, पिक्रोसाइड दोन मुळाकडे आणि कंदाकडे. म्हणून शेंड्यासकट अख्खी काडी घेतली की दोन्ही बाजू हातात येतात. आणि ओलावा लागला की हे ग्लायकोसाइड मोडतात. उन्हात रखडत, पावसात भिजत वाळलेली काडी दिसायला तशीच असते, पण आत फार उरलेलं नसतं. इथे सावलीत, उंच खाटेवर वाळवतात. ते मी मागच्या खोलीत जाऊन पाहिलं.

कुटकीत अ‍ॅपोसायनिन नावाचाही एक छोटा रेणू आहे. तो शोधला गेला १८८३ साली, कॅनडाकडच्या एका वेगळ्याच झाडाच्या मुळातून, आणि नंतर कुटकीत सापडला. शुद्ध स्वरूपात त्याला व्हॅनिलाचा मंद वास असतो. हॉलंडमधल्या उट्रेख्टच्या संशोधकांनी १९९० च्या सुमारास दाखवलं की रक्तातल्या पांढऱ्या पेशी चेतल्या म्हणजे त्यांच्याच रसायनांनी या रेणूचं रूप बदलतं आणि मग तो त्यांचा ऑक्सिजनचा भडका आवरतो. आज जगभरच्या प्रयोगशाळांत हा रेणू तो भडका थांबवून बघायचं साधन म्हणून वापरतात, आणि त्याची ही ओळख पटली ती कुटकीच्या मुळावर काम करताना. मला याचा अभिमान वाटतो.

माणसांवरचा पुरावा मात्र थोडा आहे. जेवढा आहे त्यातला महत्त्वाचा भाग आपल्या मुंबईतलाच. १९८० साली आरोग्यवर्धिनी या आयुर्वेदिक गोळीची विषाणूजन्य काविळीवर चाचणी झाली, रुग्णाला आणि डॉक्टरला दोघांनाही गोळी कुठली ते माहीत नसलेली, म्हणजे पद्धतशीर. आरोग्यवर्धिनीत बाकीच्या सगळ्या द्रव्यांच्या वजनाएवढी एकटी कुटकी असते, म्हणजे निम्मी गोळी तीच. मग नुसत्या कुटकीवर काम झालं. डॉ. अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ते छापलं. रुग्ण ३३, विषाणूजन्य काविळीचेच, पण हिपॅटायटिस बी नसलेले. काहींना ३७५ मिलिग्रॅम कुटकी दिवसातून तीन वेळा दोन आठवडे, बाकीच्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी. रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य, २.५ पर्यंत उतरायला खोट्या गोळीच्या गटाला सरासरी ७६ दिवस लागले, कुटकीच्या गटाला २७. फरक मोठा आहे, पण रुग्ण थोडे आहेत. मोठ्या संख्येवर हे पुन्हा व्हायला हवं, असं मी हा निबंध वर्गात वाचताना प्रत्येक वेळी म्हणते.

दुसरी बाजूही सांगायलाच हवी. दम्यासाठी कुटकी चांगली असं आपल्याकडे बोललं जातं, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत तिच्यातला अ‍ॅन्ड्रोसिन हा घटक श्वासनलिकेवर काम करताना दिसलाही. पण १९८३ मध्ये मुंबईतूनच छापलेल्या ७२ रुग्णांच्या चाचणीत दम्यावर ठोस फायदा दिसला नाही. या दुकानातल्या पुड्यावर "दमा" लिहिलेला नाही. पोट, यकृत आणि ताप एवढंच आहे. बाजारातल्या कितीतरी डब्यांवर मधुमेहापासून सांधेदुखीपर्यंत सगळी यादी असते, त्यापुढे हा संयम मला फार मोलाचा वाटला.

आता काविळीबद्दल, कारण हे वाचून कुणी पुडा उघडून सुरू करेल याची मला खरी काळजी आहे. आपल्याकडे अजून गावोगाव कावीळ उतरवून घेतात, माळ घालतात, नाकात रस पिळतात. त्यात आता कुटकीची भर पडायला नको. डोळे पिवळे झाले की आधी रक्त तपासा. ए आणि ई विषाणूची कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते, पण गरोदर बाईला ई जिवावर बेतते. बी आणि सी वर्षानुवर्षं गुपचूप यकृत खातात. पित्तनलिकेत खडा अडकला असेल तर ते काम शस्त्रक्रियेचं. यातलं काय आहे हे कुठलीही काडी सांगत नाही. आणि आरोग्यवर्धिनी ही "साधी आयुर्वेदिक गोळी" म्हणून स्वतःच्या मनाने महिनोन्‌महिने खाऊ नका. तिच्यात पारा, गंधक आणि तांब्याचं भस्म असतं. वैद्यांनी दिली तर त्यांनी सांगितलेल्या मुदतीपुरतीच घ्यावी.

मग घरी कुटकी कशाला? मी ती ठेवते मुख्यतः पित्त आणि तुंबलेल्या पोटासाठी. चरकाने ती भेदनीय आणि लेखनीय गटांत घातली आहे, म्हणजे कोठा साफ करणारी, साचलेलं खरवडून काढणारी. माझ्या सासूबाईंची पद्धत अशी: काडी सहाणेवर पाण्यात उगाळायची, पाच-सहा वळसे, आणि ते चाटण खडीसाखरेबरोबर द्यायचं. साखरेबरोबर द्यायची रीत ग्रंथांतही आहे. आमच्या घरी तेवढं पुरतं. आयुर्वेदिक फार्माकोपियात चूर्णाची मात्रा १ ते ३ ग्रॅम दिली आहे. नव्याने घेणाऱ्याने खालच्या टोकापासून आणि वैद्यांना विचारूनच सुरुवात करावी. जास्त झाली तर जुलाब आणि मळमळ ठरलेली. गरोदरपणात नको. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांच्या कानावर घातल्याशिवाय नको. रोज सकाळी "डिटॉक्स" म्हणून तर अजिबात नको. हे औषध आहे.

किमतीबद्दल कुणी म्हणेल की काष्ठौषधीवाल्याकडे याहून स्वस्त मिळते. मिळते. पण ती कुठून येते ते बघा. कुटकी तीन हजार मीटरच्या वरच्या कुरणांत, बर्फाच्या रेषेखाली दगडांच्या फटींतून पसरते. औषध जमिनीखालच्या भागात, त्यामुळे काढणं म्हणजे झाडच उपटणं. बी धरायच्या आत उपटलं तर पुढच्या वर्षी त्या जागी काही उगवत नाही. मागणी एवढी वाढली की १९९७ साली जटामांसीबरोबर कुटकीलाही साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात टाकावं लागलं, म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचं बंधन. तरी चोरटा माल खाली येतच राहतो आणि स्वस्त काडीत तो किती आहे ते कुणी सांगू शकत नाही.

घेस आणि आसपासच्या गावांनी यावर शेतीचा मार्ग काढला. श्रीनगर-गढवालचं उंच पर्वतीय वनस्पतींचं संशोधन केंद्र आणि गोपेश्वरजवळच्या मंडलची जडीबुटी संस्था अशा ठिकाणी लागवडीचं काम बरीच वर्षं चालू आहे. शेतात कंदाचे तुकडे लावतात, तिसऱ्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात, पानं पिवळी पडल्यावर खणतात. त्या दीदीने मला एक ओली काडी हातात घेऊन दाखवलं: कोंबाकडचा बोटाच्या पेराएवढा भाग कापून बाजूला ठेवायचा, तो पुन्हा मातीत जातो, उरलेलं वाळवणाला. लागवडीची नोंद करावी लागते आणि माल हलवायला रवन्ना, म्हणजे वाहतुकीचा परवाना, काढावा लागतो. तो मी मागितला. तिने कुरकुर न करता फाइलमधून काढून दाखवला. अडीचशे रुपयांत मला औषध मिळालं आणि बुग्यालातलं, म्हणजे वरच्या कुरणातलं, एकही झाड उपटलं गेलं नाही, याहून जास्त मी मागणार नाही.

आता तो कापलेला अर्धा गुण. पुडा पातळ प्लास्टिकचा आहे, उष्णतेने चिकटवलेला. एकदा फाडला की बंद होत नाही, आणि कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात अशा पुड्यातली काडी आठवड्याभरात लवायला लागेल. खणल्याचं वर्ष पेनाने लिहिलेलं होतं आणि माझ्या दोनपैकी एका पुड्यावर ते पुसट झालं होतं. मात्रा आणि कुणी घेऊ नये हे दोन्ही छापलेलं नाही, ते लेबलावर असायलाच हवं. मी तिथेच सांगितलं, त्यांनी वहीत टिपून घेतलं. पुढच्या छपाईत येईल अशी आशा आहे. वनस्पतीचं शास्त्रीय नाव मात्र छापलेलं आहे आणि बरोबर आहे. बऱ्याच मोठ्या कंपन्यांच्या कॅप्सूलवर "कडू घटक ४ टक्के" असं मोघम लिहिलेलं असतं. नुसतं वजन करून मोजलेला तो आकडा कडू काहीही मिसळलं तरी भरतो. पिक्रोसाइड किती ते वेगळं मोजून लिहिलेलं असेल तरच त्या कॅप्सूलचा विचार करा.

घरी आणल्यावर काड्या काचेच्या बरणीत, घट्ट झाकणाच्या, अंधाऱ्या कपाटात ठेवा. लागेल तेवढीच उगाळा किंवा कुटा. दळून ठेवू नका. दोन वर्षांच्या आत संपवा, म्हणून शंभर ग्रॅमहून जास्त घेऊ नका. एका घराला ती भरपूर होते.

नवा माल दिवाळीच्या आगेमागे दुकानात येतो आणि बर्फ पडेपर्यंत बराचसा संपतो. पावसाळ्यात तिकडे दरडी कोसळून रस्ते बंद होतात, तेव्हा त्या दिवसांत कुटकीसाठी म्हणून जाऊ नका. ते टपालानेही पाठवतात, पण आधी फोनवर बोलून, थोड्या प्रमाणात. लोहाजंगला निघालेलं कुणी ओळखीचं असेल तर त्यालाच सांगणं सोपं. मागताना एवढंच सांगा: यंदाची, शेंड्यासकट, काडीचीच.